सगळ्यांना सारखं शिकवूनही अंतर का वाढतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत चौथीचा वर्ग घेणाऱ्या, नोकरीत नव्या असलेल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: "मी सगळ्या मुलांना सारखंच शिकवते. पुस्तकं सारखी, पोषण आहार सारखा, कुणाची जात मी मनातही आणत नाही. तरी जूनमध्ये जी मुलं मागे होती तीच मार्चमध्येही मागे, आणि अंतर उलट वाढलेलं. गृहपाठ न आणणारी तीच, खाडे करणारी तीच, पालकसभेला ज्यांच्या घरचं कुणी येत नाही तीही तीच. माझं कुठं चुकतंय? आणि या पालकांचं काय करायचं?"

ताई, तुमचं शिकवणं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख म्हणून जे पाहत आलो त्यावरून सांगतो. तिन्ही याद्यांत तीच नावं आहेत हे तुम्ही टिपलंत, ते महत्त्वाचं आहे. आळस किंवा हूडपणा हे कारण असतं तर ही नावं गावभर विखुरलेली दिसली असती. आता त्या नावांपुढे वस्ती आणि आईवडिलांचं काम लिहून पाहा. बहुतेक नावं एकदोन वस्त्यांतली आणि दोनतीन प्रकारच्या मजुरीतली निघतील.

याचं कारण असं, की शाळेचा जवळजवळ प्रत्येक नियम एक विशिष्ट घर गृहीत धरून केलेला असतो. त्या घरात संध्याकाळी उजेड असतो, वही ठेवायला जागा असते, लिहितावाचता येणारं एक तरी माणूस मोकळं असतं, दहावीस रुपये सुटे असतात. ते घर वर्षभर एकाच गावात राहतं, पुस्तकातली मराठी बोलतं, आणि त्याच्या पेटीत आजोबांपासूनचे कागद जपून ठेवलेले असतात. असं घर असलेल्या मुलाला शाळेचा नियम जाणवतसुद्धा नाही. ज्याचं घर असं नाही त्याला रोज काहीतरी कमी पडतं, आणि जे कमी पडतं ते वहीत, हजेरीपटावर, गुणपत्रकात त्याच्याच नावावर चढतं. तुम्ही सगळ्यांशी सारखं वागता यात शंका नाही. पण शाळा जे मागते ते पुरं करण्याचा खर्च घराघरात वेगळा आहे, आणि तो खर्च कुठल्याच तक्त्यात भरला जात नाही.

गृहपाठ हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण, म्हणून तिथंच जरा थांबतो. चौथीच्या मुलीला "पालकांच्या मदतीने माहिती मिळवा" असं सांगितलं, की शाळेनं आपलं काम तिच्या आईकडे ढकललेलं असतं. आई अंगणवाडीसेविका असेल तर ते होतं. आई खुरपणीला जाऊन सात वाजता घरी येत असेल आणि तिनं स्वतः शाळा पाहिली नसेल, तर वही कोरी येते. मग चार्टपेपर, रंगीत चित्रं, "नेटवरून माहिती काढून आणा". हे सगळं झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळतं, आणि पैसे असलेली मुलं तिथून आणतातही. त्या प्रकल्पाला आपण गुण देतो तेव्हा नेमके कशाला गुण देतो, हा प्रश्न शिक्षक परिषदेत विचारला की लोक विषय बदलतात. २०२० मध्ये शाळा बंद होऊन अभ्यास फोनवर गेला, तेव्हा हेच सगळ्या राज्यानं मोठ्या प्रमाणावर पाहिलं: घरात एकच फोन, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात, कामाच्या जागी.

गृहपाठ देण्याआधी मी एक कसोटी लावायला सांगतो. घरी कुणाचीही मदत नसलेल्या मुलाला, दप्तरात आहे तेवढ्याच साहित्यात, उजेड असेपर्यंतच्या वेळात हे एकट्यानं करता येईल का? येत नसेल तर तो गृहपाठ देऊ नका. वर्गात वाचून झालेला धडा पुन्हा मोठ्यानं वाचणं, केलेल्या उदाहरणांसारखीच चार उदाहरणं, आजीकडून एक गोष्ट ऐकून उद्या वर्गात सांगणं, एवढं पुरतं. शेवटच्याला आजीला वाचता येण्याची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात मजूर घरांतली मुलंच पुढे जातात. उरलेलं लिहिण्याचं काम शाळा सुटण्याआधीच्या अर्ध्या तासात वर्गातच उरकून घ्यावं. पालक कुरकुरतील, "मॅडम अभ्यास देत नाहीत" म्हणतील. म्हणू द्या.

वही न आणणाऱ्याला उभं करणं तर पूर्ण बंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासावरही बंदी घातली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्यातून निघतं काय ते पाहा. तुमच्या हजेरीपटावर वारानुसार खाडे मोजा. ज्या दिवशी वह्या तपासता त्या दिवशी खाडे जास्त दिसतील अशी माझी अटकळ आहे, कारण अनेक वर्गांत तसंच दिसलं. सगळ्यांसमोर मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा घरी राहणं बरं, हा हिशेब नऊ वर्षांच्या मुलाला चांगला कळतो. बाजाराच्या दिवशीचे खाडे मात्र निराळे. ते बहुधा मुलींचे असतात. आई बाजाराला किंवा कामाला गेली की धाकटं भावंड थोरल्या मुलीच्या कडेवर येतं. गावातली अंगणवाडी नीट आणि पुरेसा वेळ चालते का, याचा तुमच्या चौथीच्या हजेरीशी थेट संबंध आहे. अशी मुलगी धाकट्या भावाला घेऊन वर्गात आली तर तिला परत पाठवू नका. थोडा गोंधळ होतो, पण तिचा दिवस वाचतो.

आता शिकवण्याकडे. "सारखंच शिकवते" याचा अर्थ चौथीचं पुस्तक सगळ्यांना शिकवते, असा मी धरतो. गावोगाव मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. तुमचा वर्ग या सरासरीपेक्षा बरा असेल असं धरलं, तरी चौथीचं पुस्तक उघडून बोलायला लागलं की वर्गातला मोठा भाग पहिल्या पाच मिनिटांत सुटलेला असतो. तो गप्प बसतो, फळ्यावरचं सुबक उतरवून काढतो, म्हणून लक्षात येत नाही. अशी सुंदर अक्षरातली, एकही शब्द न वाचता उतरवलेली वही प्रत्येक केंद्रात सापडते, आणि तपासणीला आलेले साहेब तिच्यावर ‘छान’ असा शेरा मारून जातात.

यावर उपाय नवा नाही. मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखींनी मागे पडलेल्या मुलांना दिवसाचे काही तास वेगळं बसवून, इयत्तेच्या हिशेबानं न शिकवता मूल जिथं आहे तिथून शिकवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. सगळ्यात मागे असलेल्या मुलांचाच त्यात सर्वाधिक फायदा झाला. बालसखी म्हणजे वस्तीतल्याच, फारतर बारावी झालेल्या, थोडक्या मानधनावर काम करणाऱ्या मुली होत्या. म्हणजे अडचण मुलांच्या बुद्धीची नव्हती आणि फार मोठ्या पदव्यांचीही नव्हती.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम पूर्ण करायचं बंधन आहे. आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम संपवणं हे शिक्षकाचं कर्तव्य सांगितलंय. पण त्याच कलमात लगेच पुढे प्रत्येक मुलाची पातळी पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणं हेही कर्तव्यच सांगितलंय. वरून विचारणा फक्त पहिल्याची होते, एवढाच फरक. रोजचा एक तास पातळीनुसार गटांना द्या, आणि विचारणा झाली तर हेच कलम दाखवा.

एक सावधगिरी मात्र हवी. गट दर पंधरवड्याला मोडून पुन्हा बांधायचे. एकदा गट पक्के झाले की मुलं त्यांना नावं ठेवतात, शिक्षकही ठेवतात, आणि दिवाळीपर्यंत ‘खालचा गट’ आणि ‘खालची आळी’ यांत काही फरक उरत नाही.

जातीबद्दल तुम्ही लिहिलंत ते प्रामाणिक आहे हे मला मान्य. पण जात मनात न आणणं वेगळं आणि वर्गात ती काम करत नाही हे वेगळं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या सहावीसातवीच्या मुलग्यांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले होते. मुलांची जात उच्चारली नव्हती तेव्हा ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ अशा दोन्हीकडच्या जातींच्या मुलांनी जवळपास सारखेच सोडवले. नाव घेताना सगळ्यांसमोर जात वाचली गेली, तेव्हा ‘खालच्या’ म्हटल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच. दुसरा एक प्रयोग रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा. त्यांनी उत्तरपत्रिकांवर जात वाट्टेल तशी, म्हणजे अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखी लिहून त्या भारतातल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालची’ जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. आपल्याला अडचणीची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, हा भेद मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. त्यामुळे "मी स्वतः त्याच समाजातून आलोय, माझ्याकडून भेद होणं शक्यच नाही" असं कुणी म्हणालं तर मी गप्प राहतो, पण पटवून घेत नाही.

रोजच्या शाळेत हे फार साध्या रूपात असतं. पाहुण्यांना गुलाबाचं फूल कोण देतं? ईशस्तवन कोण म्हणतं? वर्ग झाडायला आणि पाण्याची टाकी भरायला ‘जरा जा रे’ असं सहज कुणाला म्हटलं जातं? कठीण प्रश्न विचारताना तुमची नजर कुठल्या बाकाकडे जाते? आठवडाभर हजेरीच्या यादीपुढे टिंबं देऊन पाहा, कुणाला किती वेळा प्रश्न विचारला. हे करायला पैसे लागत नाहीत, परिपत्रक लागत नाही, आणि टिंबं पाहून बहुतेक शिक्षक स्वतःच बसण्याची रचना आणि कामाच्या पाळ्या बदलतात. शिष्यवृत्तीच्या याद्या करताना "अमुक जातीची मुलं उभी राहा" हे वर्गात कधीही म्हणू नका. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या दाखल नोंदवहीत, सगळं लिहिलेलं असतं. तिथून यादी करा आणि पालकांशी वेगळं बोला.

चांगल्या हेतूच्या योजनासुद्धा कधीकधी मुलांना उभं करून वेगळं काढतात. मोफत गणवेशाचंच घ्या. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या सगळ्या मुली, अनुसूचित जातीजमातींचे आणि दारिद्र्यरेषेखालचे मुलगे एवढ्यांनाच गणवेश मिळायचा. एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेश. उरलेल्या मुलग्यांना नाही. त्यामुळे एकाच बाकावर एकाला नवा आणि शेजारच्याला जुना, आणि दोघंही एकमेकांकडे संशयानं पाहणार. राज्यानं २०२३ मध्ये उरलेल्या मुलांनाही त्यात घेतलं. त्याआधी वर्षानुवर्षं लोकवर्गणी काढून ही फट बुजवणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत.

पैशाचा विषय निघालाच आहे तर. प्राथमिक शिक्षण मोफत आहे, आणि शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल असा कोणताही खर्च मुलाला करायला लावता येणार नाही असं कायदा म्हणतो. व्यवहारात फी नसते, पण सहल असते, स्नेहसंमेलनातल्या नाचाचा भाड्याचा ड्रेस असतो, ओळखपत्राचा फोटो असतो, वाढदिवसाची चॉकलेटं असतात. रक्कम ऐकायला किरकोळ वाटते. पण ती सोमवारी मागून बुधवारी हवी असते, आणि ज्या घरात मजुरी आठवड्याच्या बाजाराला हातात पडते तिथं बुधवारी पैसे नसतात. मूल मग पोट दुखतंय म्हणून घरी राहतं. किरकोळ खर्चाची तारीख बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवली तरी फरक पडतो. नाचाचे भाड्याचे ड्रेस तर बंदच करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं नेहमीच्या कपड्यांत नाचली तर कुणाचं काही बिघडत नाही.

उलट बाजूनं मिळणारी मदत पाहा. १९९२ साली शासनानं पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला, दिवसाला १ रुपया. हेतू चांगला होता आणि तेव्हा रुपयाला थोडी किंमतही होती. पुढे महागाई वाढत गेली, रुपया मात्र बरीच वर्षं तेवढाच राहिला. वर्षाचे शाळेचे दिवस धरले तर दोनसव्वादोनशे रुपये. तेवढ्यासाठी दाखला, बँकेचं खातं, आधार जोडणी, आणि त्यासाठी तालुक्याला एकदोन खेपा. एका खेपेला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते. ज्या बाईनं हा हिशेब करून "नको ते पैसे" म्हटलं तिला आपण शिक्षणाबद्दल उदासीन म्हणतो.

त्याच्या तुलनेत मुलींसाठीचा एसटीचा मोफत पास ही मला फार नेमकी योजना वाटते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या या योजनेत पाचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींना शाळेपर्यंत फुकट प्रवास मिळतो. त्यात पैसे हातात पडायची वाट पाहावी लागत नाही, जी वस्तू अडलेली होती तीच मिळते. आठवीनववीत मुलगी शाळा सोडते त्यामागे बरेचदा शाळेचं अंतर असतं, तिची इच्छा नसते. अर्थात सकाळची गाडी वेळेवर आली तर.

कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या शिक्षकांना त्याचं वजन कळत नाही. जात प्रमाणपत्र आणि पुढे त्याची पडताळणी करताना कुटुंबानं ठराविक तारखेपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यायचा असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यातला सगळ्यात भक्कम मानला जाणारा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. ज्या घराण्यात आजोबांना शाळेत पाऊलच ठेवता आलं नाही, त्याच घराण्याला आजोबांच्या शाळेचा कागद मागायचा, असा हा प्रकार आहे. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरलेल्या माणसाकडे १९६१ सालचा पत्त्याचा पुरावा कुठून येणार? चौकशीनं, रक्तनात्यातल्या कुणाच्या नोंदीवरून मार्ग निघतो, पण त्यात मुलाचं वर्ष जातं.

यात तुमच्या हातातली गोष्ट एकच, पण मोठी आहे. पहिलीत नाव दाखल करताना जातीची, पोटजातीची आणि जन्मतारखेची नोंद पालकांना दोनदा वाचून दाखवून अचूक करा. ‘हिंदू’ एवढंच लिहून रकाना सोडू नका, अंदाजानं तर काहीच लिहू नका. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते. दाखला घेऊन गेल्यावर ती फार अवघड होते. आज तुम्ही करता ती नोंद पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी नातवाचा पुरावा असणार आहे. आणि कागद नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यायचा, मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवायचा नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. तरी दरवर्षी कुणीतरी "दाखला आणा मग बघू" म्हणतंच.

दाखल्याचा प्रश्न सगळ्यात जास्त स्थलांतर करणाऱ्यांना जाचतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्चएप्रिलमध्ये परततात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण फडावर जातं. आईबाप मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन बसलेले असतात, त्यामुळे ‘यंदा जाऊ नका’ या सल्ल्याला काही अर्थ नसतो. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि दुसऱ्या गावच्या शाळेत सहज बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. दोन्ही चालतात, पण सप्टेंबरमध्ये कुणीतरी घरोघरी फिरून याद्या केल्या तरच. दिवाळीच्या सुट्टीनंतर यादी करायला बसलात तर गाड्या निघून गेलेल्या असतात. मोठ्या मुलीला मागे ठेवायची आईबापांना भीती वाटते, आणि या भीतीपोटीच कित्येकींची लग्नं लवकर उरकली जातात. वसतिगृहात मुलींसाठी गावातलीच विश्वासाची बाई असणं म्हणूनच जेवणाइतकंच गरजेचं असतं. आणि परतलेल्या मुलांना लगेच चालू धड्यात बसवू नका. पहिले दोन आठवडे वाचन आणि साधं गणित, बाकी काही नाही.

आदिवासी भागात तुमची बदली झाली तर भाषेचा मुद्दा सगळ्यात आधी येईल. मेळघाटातल्या मुलाची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. गडचिरोलीतली माडिया, गोंडी द्राविडी कुळातल्या. पहिलीतलं ते मूल एकाच वेळी नवी भाषा आणि त्या भाषेतलं लिहिणं शिकत असतं, आणि आपण त्याला ‘बोलत नाही’ असा शेरा देतो. आधी त्याला त्याच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, शब्द फळ्यावर दोन्ही भाषांत लिहा, वरच्या वर्गातलं एखादं मूल दुभाषी म्हणून घ्या. तुमच्या सध्याच्या वर्गातसुद्धा ‘व्हतं’, ‘पानी’, ‘नाय’ म्हणणाऱ्याला मधेच तोडून दुरुस्त करू नका. त्याचं सांगून होऊ द्या. लिहिताना प्रमाण रूप शिकवा, बोलताना हसू नका, आणि इतरांना हसू देऊ नका.

या सगळ्याची जाण आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. कर शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी तिथं मांडलं, आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली ते सक्तीचं आणि मोफत केलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीही वसतिगृहाला धरूनच वाढली. शाळा जे घर गृहीत धरते ते मुलाकडे नसेल तर ते पुरवायला हवं, दिवा, भाकरी आणि अभ्यासाला सोबत यांच्यासकट, हे त्यांना नेमकं कळलेलं होतं. हल्ली वसतिगृहाकडे समाजकल्याणाचा विषय म्हणून पाहतात, शिक्षणाचा म्हणून नाही.

पोषण आहाराबद्दल फार लिहीत नाही. प्राथमिकला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हा निकष आहे, तो ताटात उतरतो का ते तुम्हाला रोज दिसतंच. फक्त पंगत कशी बसते, वाढतं कोण, यावर लक्ष ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी मुलांबरोबर तिथलंच जेवा.

राहता राहिला पालकांचा प्रश्न. पालकसभा तुम्ही दुपारी शाळेत घेता ना? मग येणाऱ्याला दिवसाची मजुरी सोडावी लागते. आणि आल्यावर चौघांत ऐकायला काय मिळतं, तर "तुमचा मुलगा अभ्यास करत नाही". ज्या माणसाला स्वतः शाळेत मार खाल्ल्याचंच आठवतंय, तो पुन्हा तिथं का येईल? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर हे असतंच. बऱ्याच ठिकाणी सभा होते मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणि इतिवृत्त सह्यांसाठी घरोघरी फिरतं. तुम्ही त्या समितीच्या सचिव नसाल, पण तुमच्या वर्गाची सभा तुमच्या हातात आहे.

ती संध्याकाळी सात वाजता वस्तीवर घ्या, समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओट्यावर. आधी प्रत्येक मुलाबद्दल खरी असलेली एक चांगली गोष्ट सांगा, ज्यांची नावं तिन्ही याद्यांत आहेत त्यांच्याबद्दल तर नक्की. मग पालकांना शक्य आहे तेवढंच मागा: रोज वेळेवर पाठवा, आणि झोपण्याआधी पोराला पाच मिनिटं मोठ्यानं वाचायला लावून नुसतं ऐका. वाचता न येणारी आईसुद्धा मूल कुठं अडखळतं ते बरोबर ओळखते. सभेतच दोनतीन मुलांना वाचायला लावा, म्हणजे काय ऐकायचं ते कळेल. गावाला किंवा ऊसतोडीला कोण जाणार, कुणाचे दाखले अडलेत, हेही तिथंच विचारून घ्या. एरवी चार महिने कळत नाही ते अर्ध्या तासात कळतं. सभा शाळेबाहेर का घेतली असं कुणी विचारलं तर इतिवृत्तात ठिकाण आणि वेळ लिहून ठेवा. पालकांच्या नियमित सभा घ्या एवढंच कायदा सांगतो, त्या शाळेच्या इमारतीतच घ्या असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.